जगात जर्मनी, भारतात परभणी… आणि ते ‘सोन्याचे दिवस’

जुने दिवस खरोखरच चांगले होते, की तेव्हा आपण लहान होतो म्हणून ते चांगले वाटतात? एका पडक्या वाड्याच्या निमित्ताने निघालेला हा विषय प्रत्येकाच्याच घरातला आहे.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेच्या रात्री आम्ही सगळी भावंडे पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावी, वाड्याच्या ओसरीवर बसलो होतो. चार चुलतभाऊ, दोन बहिणी, सुना, जावई आणि पुण्याहून, नांदेडहून, एक तर थेट दुबईहून आलेली पोरे. एकत्र जमण्याचे कारण मात्र आनंदाचे नव्हते. पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत बसली होती. माळवद दोन ठिकाणी गळत होते. दुरुस्तीचा आकडा गवंड्याने सांगितला तेव्हा पुण्याच्या पुतण्याने मोबाईलवर हिशेब करून लगेच निकाल दिला, ‘‘यात पुण्यात टू-बीएचकेचं डाऊन पेमेंट होतं, काका.’’ वाडा विकायचा की ठेवायचा, हे त्या रात्री ठरवायचे होते.

पण ठरवणे राहिले बाजूला. आमच्या थोरल्या दादांनी भिंतीला पाठ टेकली आणि एक सुस्कारा सोडला, ‘‘राहिलं नाही रे आता ते!’’ झाले. एवढे एकच वाक्य पुरले. मग हुरडा निघाला, शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेला. श्रावणातले पोळ्याचे बैल निघाले. मानवत रोडच्या स्टेशनावरची रात्रीची गाडी निघाली. परभणीचा उरूस निघाला. घरात काही गोडधोड झाले की शेजारी पोचता होणारा वाणवळा निघाला. कुणाला आईच्या हातची ज्वारीची भाकरी आठवली, कुणाला बाजेवर पडून मोजलेल्या चांदण्या. बारा वाजून गेले तरी कुणी उठेना. शेवटी दादा म्हणाले, ‘‘असा वाडा विकायचा? आपले सोन्याचे दिवस आहेत यात!’’ सगळ्यांच्या माना डोलल्या. मीही मान डोलावली.

खांबाला टेकून आमच्या काकू सुपारी कातरत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. चौदाव्या वर्षी या वाड्यात सून म्हणून आल्या, त्या इथेच राहिल्या. आम्हा सगळ्यांपैकी आज या वाड्यात राहणारे माणूस त्या एकट्याच. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘इकून टाका.’’

ओसरी गप्प झाली. दादा म्हणाले, ‘‘काकू, तुम्ही असं म्हणता?’’ त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुमचं खेळायचं आंगन व्हतं बाबा ते. म्या तिथं पंचवीस मानसांचं पानी भरलंय.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे कितीतरी दिवस हे वाक्य डोक्यात घोळत राहिले. आज वाचकांशी बोलायचे आहे ते त्याबद्दलच.

आजोबांचेही सोन्याचे दिवस होते

परभणीच्या माणसाला आपल्या गावाचा अभिमान जरा जास्तच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही पाठ असते. या म्हणीचा उगम विचारला तर चार माणसे पाच गोष्टी सांगतील. दुसरी म्हण ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. म्हणजे जमले तर जमले, नाहीतर आपली परभणी आहेच! एका म्हणीत आकाशाएवढा अभिमान आणि दुसरीत फाटक्या खिशाची बेफिकिरी. दोन्ही म्हणी एकाच गावाने जपल्या. आपल्या आठवणींचेही असेच आहे. त्यांच्यात अभिमान असतो आणि फाटका खिसाही असतो. पण वर्षे सरली की फाटका खिसा आपण विसरून जातो.

आमच्या आजोबांचे सोन्याचे दिवस आमच्या अगोदरचे होते. ते ‘मोगलाई’तले, म्हणजे निजामाच्या राजवटीतले. ‘‘तुमचं हे कसलं राज्य? आमच्या काळी हाली सिक्क्याचा एक रुपया घेऊन बाजारात गेलं की बैलगाडी भरून सामान यायचं,’’ असे ते सांगत. तूप कसे होते, गहू कसा होता, माणसे कशी दिलेल्या शब्दाला जागत, हे ऐकताना आम्हाला वाटे की आपण फारच उशिरा जन्मलो. पण तेच आजोबा दुसऱ्या दिवशी त्याच ओसरीवर बसून १९४८ चा उन्हाळा सांगू लागत. रझाकारांची दहशत, रात्रीतून गाडी जुंपून वऱ्हाडातल्या सोयऱ्यांकडे पाठवलेल्या बायका-पोरी, जमिनीत पुरलेली भांडी, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करल्याची बातमी आली तेव्हा गावात वाटलेला गूळ. स्वस्त तूप आणि रात्रीचे पलायन या एकाच काळातल्या दोन गोष्टी आहेत, हे आजोबांच्या कधी लक्षात आले नाही. आणि ऐकणाऱ्या आम्हा पोरांच्याही आले नाही.

त्या राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकायचे तर त्यासाठी खासगी शाळांची धडपड करावी लागे. बी. रघुनाथ यांच्यासारखा थोर लेखक याच काळात परभणीत बांधकाम खात्यात नोकरी करून लिहीत होता. १९१३ साली सातोन्यात जन्मलेला हा माणूस १९५३ मध्ये, वयाच्या चाळिशीतच गेला. त्या काळातला परभणी परिसर कसा होता, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी आमच्या आजोबांचे न ऐकता बी. रघुनाथ वाचावेत. तिथे तूप फारसे सापडत नाही, माणसांची ओढाताण मात्र पानोपानी सापडते.

एका गोष्टीची मला गंमत वाटते. इंग्रजीतला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात एका आजाराचे नाव होता. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाने तो बनवला. परदेशात चाकरी करणारे स्विस शिपाई घराच्या आठवणीने झुरत, खंगत, त्या दुखण्याला त्याने हे नाव दिले. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. त्यांनी त्यात वेदना पाहिली, आपण रंजन पाहिले! मानसशास्त्रज्ञ असेही सांगतात की माणसाला आयुष्यभरातल्या आठवणींपैकी साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत ठळकपणे राहतात. म्हणजे प्रत्येक पिढीचा सुवर्णकाळ तिच्या तारुण्यात येऊन थांबतो. आजोबांचा हाली सिक्क्यात, दादांचा सत्तरच्या दशकात, आणि माझा मुलगा तर आता १९९८ सालाबद्दल उसासे टाकतो!

जे खरेच चांगले होते

पण म्हणून सगळ्या आठवणी खोट्या ठरवायच्या का? तसेही नाही. दादांचे काही म्हणणे अगदी खरे आहे.

ती छोटी गाडी आठवा. मनमाड ते काचीगुडा मीटरगेजचा फाटा १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेने टाकला आणि परभणीला जग जोडले गेले. अजंता एक्स्प्रेस याच रुळांवरून धावे. मुंबईला जायचे म्हणजे मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसायचे. एवढ्या वेळात डब्यातल्या माणसांची सात पिढ्यांची ओळख होई. शिदोरी सुटे, मुलींची स्थळे सुचवली जात, पूर्णा जंक्शनला इंजिन पाणी पिई तोवर प्रवासीही खाली उतरून चहा पीत. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आले आणि परभणीहून थेट मुंबईची गाडी मिळू लागली. पूर्णा–अकोला मार्गाचेही रूंदीकरण २००८ मध्ये झाले. आज रात्री परभणीत गाडीत बसलेला माणूस सकाळी मुंबईत असतो. शेजारच्या बर्थवर कोण झोपले होते, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

फेब्रुवारीतला परभणीचा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस म्हणजे आमची दुसरी दिवाळी. गावातल्या दर घरातून बैलगाडी जुंपली जाई. दर्ग्यावर फूल वाहायला जाणाऱ्याची जात आणि धर्म कुणी विचारत नसे. आजही कुणी विचारत नाही, ही आपल्या जिल्ह्याची खरी श्रीमंती.

रेडिओ एकाच घरी होता. आकाशवाणीचे परभणी केंद्र लागले की शेतीचा कार्यक्रम ऐकायला दहा-बारा माणसे आमच्या ओट्यावर येत. १९७२ च्या मे महिन्यात परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याच ओट्यावर चर्चा झाली होती की आता साहेब लोक आपल्याला नांगर धरायला शिकवणार! पुढे याच विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी देशभर गेली. पिवळ्या रोगाने भेंडीचे वावरच्या वावर जात असे, त्याला हे वाण पुरून उरले. तेव्हा ओट्यावरची थट्टा थांबली. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा गावात दोन टीव्ही होते आणि दोन्हींसमोर निम्मे निम्मे गाव. आज घरात चार माणसे आणि चार मोबाईल. प्रत्येकाचे रामायण वेगळे.

हे सारे खरे आहे. पण इथे थोडे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. तेव्हा आपण एकत्र बसलो, ते आपली मने मोठी होती म्हणून, की टीव्ही एकच होता म्हणून? मला वाटते, दोन्ही. टंचाईने आपल्याला जवळ बसवले; जवळ बसल्यावर आपण माणसांसारखे वागलो. टंचाई गेली हे चांगलेच झाले. पण जवळ बसण्याची सवयही तिच्याबरोबर जायलाच हवी होती, असे काही कुठे लिहिलेले नव्हते.

बहात्तर साल

आता काकूंच्या बाजूने पाहू.

सत्तरच्या दशकाला सोन्याचे म्हणणाऱ्याने १९७२ साल वगळून मोजायला सुरुवात केलेली असते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्या वर्षी ज्वारीचे बाटूकसुद्धा हाती लागले नाही. विहिरींचे तळ दिसले. जनावरे दावणीला मेली, नाहीतर बाजारात मिळेल त्या भावाने गेली. खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामांवर अख्खी गावे गेली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ४९ लाखांच्या घरात पोचली होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर एक पिढी जगली. आम्हा पोरांना सुकडी आवडायची. आजही दादा ‘‘काय चव होती!’’ म्हणतात. काकूंना मात्र त्या वासानेदेखील मळमळते.

या दुष्काळातून एक मोठी गोष्ट उभी राहिली, ती म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. देशाला असा कायदा करायला २००५ साल उजाडले. खडी फोडणाऱ्या हातांची ही कमाई आहे. पण ‘ते दिवस परत यावेत’ असे त्या हातांपैकी कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

आमच्या गावातली बारव आम्हा भावंडांच्या आठवणीत फार सुंदर आहे. दगडी पायऱ्या, कोनाडे, उन्हाळ्यातही गार हवा, उडी मारली की घुमणारा आवाज. काकूंच्या आठवणीतली बारव वेगळी आहे. पहाटे चारला उठून त्या पायऱ्या उतरायच्या, डोक्यावर दोन घागरी घेऊन चढायच्या, अशा वीस खेपा. आणि त्या पाण्यात नारू होता. आजच्या मुलांना हा शब्दही ठाऊक नसेल. पाण्यातल्या बारीक किड्यांवाटे हा जंतू पोटात जाई आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा लांबलचक बाहेर निघे. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढायचा. असे आठवडेच्या आठवडे. नारू झालेले माणूस पाण्यात पाय बुडवी, तेव्हा जंतू पुन्हा पाण्यात जाई आणि पुढच्या वर्षी आणखी घरे अंथरुणाला खिळत. पायऱ्यांच्या विहिरी हेच त्याचे घर. ज्या पायऱ्यांचे आम्ही कौतुक करतो त्याच त्या पायऱ्या. काकूंच्या पायावर घोट्यापाशी अजून वण आहे. आम्ही इतकी वर्षे त्यांच्या पाया पडलो, पण तो वण कुणी पाहिला नाही.

बहात्तरनंतर गावोगाव बोअर पडले, हापसे आले, पाणी गाळून पिण्याची मोहीम झाली. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. देवीचा रोग त्याआधीच, १९७५ मध्ये, देशातून गेला होता. दिवाळीच्या गप्पांत ही नावे कधी निघतात का? जे दुखणे गेले त्याची आठवण काढायला कुणी ओसरीवर बसत नाही. आपला हिशेब चुकतो तो इथे. हरवलेल्या चांगल्या गोष्टी आपल्याला टोचतात. हरवलेल्या वाईट गोष्टी आपण विसरून जातो.

काकूंची दोन मुले गेली. एक देवीने, दुसरे हगवणीने. त्यांची नावे घरात कुणी घेत नाही. तेव्हा असे घरोघरी होते. १९७१ मध्ये महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १०५ बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. कागदावर हा फक्त एक आकडा दिसतो. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एकांतात विचारून पाहा, त्या आकड्याला नावे असतात.

आणखी एक गोष्ट आपण फार ठासून सांगतो, ‘‘तेव्हा पोरीबाळी कशा निर्धास्त फिरायच्या!’’ आमच्या गावापासून मानवत काही फार लांब नाही. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथे एकामागून एक मुलींचे आणि स्त्रियांचे खून झाले. गुप्तधनाच्या आणि संतानाच्या लोभातून, अंधश्रद्धेतून ते झाल्याचे पुढे आले आणि मानवत हे नाव देशभर गाजले. माझी बहीण तेव्हा दहा वर्षांची होती. दीड वर्ष तिला आईने एकटीला अंगणाबाहेर पाठवले नाही. त्या रात्री ओसरीवर ‘‘तेव्हा किती निर्धास्त होतं’’ असे कुणीतरी म्हणाले तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे पाहिले. अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला मिळायला पुढे २०१३ साल लागले.

बारवेचा तळ

भूतकाळाच्या गप्पांत कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हे एकदा नीट ऐकावे. बोलतात ते बहुधा घरातले पुरुष, ओसरीवरचे. गप्प असतात त्या बायका, आणि जे ओसरीवर कधी चढलेच नाहीत ते.

माझा एक वर्गमित्र आहे. वर्गात तो नेहमी पहिला. सरकारी नोकरीत मोठ्या पदावर पोचून तो निवृत्त झाला आणि आता परभणीत असतो. दिवाळीनंतर एकदा त्याच्याकडे गेलो आणि उत्साहाने बारवेचा विषय काढला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘बारव मलाही आठवते. पण तिच्या तळाचं पाणी कसं दिसतं ते मी कधी पाहिलं नाही. आम्हाला पायरी उतरायची मुभा नव्हती. माझी आई वर घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं.’’ तो रागाने बोलला नाही. म्हणून जास्त लागले. मी त्याच बारवेत उड्या मारत होतो, आणि त्याची आई वर उभी असलेली मला दिसली असणारच. पण आठवणीत ती नव्हती.

१९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ज्यांची घरे जळाली त्यांना कुणी ‘सत्तरचे दशक किती प्रेमाचे होते’ असे सांगावे काय? आणि आज सगळे मिटले आहे असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर शहराने जे दिवस पाहिले ते कुणालाही भूषणावह नव्हते. पण एक फरक आहे. माझ्या मित्राच्या आईला वर उभे राहून वाट पाहावी लागली. तिच्या नातीने कायद्याची पदवी घेतली आहे आणि ती वाट पाहत नाही, प्रश्न विचारते.

बायकांचेही तसेच. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी नऊ जणीदेखील साक्षर नव्हत्या. काकू त्या उरलेल्या एक्क्याण्णवांमधल्या. पुढे नातवाने शिकवले म्हणून त्या सही करू लागल्या. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. दळण-कांडणातून विठ्ठल उभा करणारी ही बाई आमची शान आहे. जात्यावरच्या ओव्यांवर आपण कौतुकाने लिहितो. पण काकूंना विचारा, गावात पहिली पिठाची गिरणी आली तेव्हा काय वाटले. त्या सांगतात, ‘‘त्या दिशी म्या पयल्यांदा उजाडस्तवर झोपले.’’

मग आजचे सगळे गोड आहे का?

मुळीच नाही. वर्तमानाची बाजू घ्यायची म्हणून आजच्या जखमांवर पांघरूण घालायचे कारण नाही.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीचा पाया घातला, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. डावा कालवा आमच्या भागात आला, ऊस आला, पैसा आला. तसाच उसाबरोबर पाण्याचा हावरटपणाही आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा बहात्तर साल पाहिलेले आमच्यासारखे लोक हबकून गेले. बहात्तरला अन्न नव्हते, पण कुठे खोल खणले तर पाणी लागे. आता दुकानात अन्न आहे आणि जमिनीत आठशे फुटांवरही धूळ उडते. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. पैसा हाती येतो, पण दावणीच्या जनावराला कडबा नाही आणि माणसाला घरची भाकरी नाही. बियाणे दुकानातून, खत दुकानातून, औषध दुकानातून. एक पाऊस चुकला की सगळे कर्ज अंगावर. गेल्या पंचवीसेक वर्षांत मराठवाड्यात ज्या घरांतला कर्ता पुरुष असा निघून गेला, त्या घरांना ‘आजचा काळ चांगला’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? जिंतूर, गंगाखेड, पालमच्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या अजून थांबलेल्या नाहीत.

आणि एकटेपण. तेव्हाच्या वाड्यात पंचवीस माणसे होती, कुणाला एकांत नव्हता. आज काकू एकट्या. मुले फोन करतात, व्हिडिओवर नातवंडे दिसतात. काकू म्हणतात, ‘‘दिसतेत, पन हात लावता येत न्हाई.’’ पंचवीस माणसांचे पाणी भरणे वाईट होते. एका माणसाने एकट्यासाठी चहा करून पिणे हेही फार चांगले नाही.

वालूरची गोष्ट

मग निवाडा काय? जुने चांगले की नवे? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. काळ हा काही आख्खा विकत घ्यायचा वाडा नव्हे. त्यातले खांब, तुळया, दारे वेगवेगळी करून पाहता येतात.

सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची एक जुनी बारव आहे. वर्षानुवर्षे ती गाळाने, कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी एकत्र येऊन ती मोकळी केली. आता लांबून लोक ती पाहायला येतात. मीही गेलो होतो. गोल गोल उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या पाहून मन हरखले. आणि लक्षात आले की ही बारव स्वच्छ करणाऱ्यांनी एक शहाणपण केले आहे. त्यांनी बारव परत आणली. नारू परत आणला नाही. आणि ‘इथे कोणी उतरायचे आणि कोणी नाही’ ही पाटीही परत आणली नाही. पायऱ्या आता सगळ्यांच्या आहेत.

मला वाटते, आपल्या आठवणींचेही असेच करावे. त्यांतला गाळ उपसावा. ओव्या ठेवाव्यात, जाते बायकांच्या खांद्यावर परत देऊ नये. वाणवळा ठेवावा, टंचाई नको. एकत्र बसणे ठेवावे; पण पाणी कोण भरते, चुलीपुढे कोण बसते, हे या वेळी बसण्याआधी विचारावे.

आता वाड्याचे काय झाले, ते सांगतो. त्या दिवाळीनंतर आम्ही भाऊ पुन्हा एकदा काकूंकडे बसलो. दादांनी हळूच विचारले, ‘‘काकू, वाडा ठेवायचा असला तर तुमचं काय म्हणणं?’’ काकूंनी बराच वेळ सुपारी कातरली. मग बोटे मोजून सांगितले. घरात नळ पाहिजे. माळवद पक्के पाहिजे. संडास आणि न्हाणी घराला लागून पाहिजेत. रात्री अंधारात परसात जायचे त्यांना आता होत नाही. सैपाकघरात खिडकी पाहिजे. सत्तर वर्षे धूर खाल्ला, पुरे झाला. आणि दिवाळीला सगळे येणार असाल तर सुनांनी नव्हे, पोरांनी राबायचे.

‘‘एवढं करत असान तर ठिवा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई तर इका. मला निस्त्या आठवनी नको.’’

सध्या गवंडी लागला आहे. मागची भिंत उभी राहिली, सैपाकघराला खिडकी पडली. खर्चाची वाटणी झाली. पुण्याच्या पुतण्यानेही आपला वाटा पाठवला, डाऊन पेमेंटची आठवण न काढता. गावातली बारव उपसायची म्हणून मी माझ्या त्या वर्गमित्राला विचारले. तो म्हणाला, ‘‘येतो. पण पहिल्यांदा मी उतरणार.’’

येत्या दिवाळीच्या कामांची यादी दादांनी लिहून काढली आहे. पहिल्या दिवशी पाणी भरायची पाळी माझी आहे.